द्रासच्या थंडीत पोकलेन आणि टिपर: सकाळच्या स्टार्टची तयारी कुठून सुरू करायची

प्रश्न असा आहे: सांगलीहून दोन वीस टनी पोकलेन, एक बॅकहो लोडर आणि तीन बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांचे) टिपर ऑक्टोबरअखेर कारगिल-द्रास भागात रस्त्याच्या कामावर निघणार आहेत. काम निदान डिसेंबरपर्यंत चालेल, कदाचित पुढेही. ऑपरेटर म्हणतात, तिकडे रात्रभर इंजिन बंदच करायचे नाही. टिपरवाले म्हणतात, सकाळी हवेच्या वाटेत ईथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, स्प्रे मारला की झाले. नेमके काय करावे?

दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. रात्रभर इंजिन चालू ठेवले की सकाळी मशीन चालू मिळते हे खरे, पण एका हंगामात इंजिनाची रया जाते. आणि ईथरमुळे एखाद्या सकाळी पिस्टनच फुटतो. दोन्हीची कारणे पुढे सांगतो. लडाखमध्ये मशीन सांभाळण्यात माझे बरेच हिवाळे गेले. तिथे सकाळी अडलेल्या मशीनकडे गेलो की बहुतेक वेळा मशीनमध्ये दोष नसायचाच. आत डिझेल, ऑइल आणि पाणी महाराष्ट्राच्या हवेचे असायचे, आणि आदल्या संध्याकाळी कुणी काही केलेले नसायचे. सेल्फ मारायच्या वेळी आपल्या हातात फारच थोडे उरलेले असते. म्हणून तयारी सांगलीत सुरू करा.

द्रास सुमारे १०,८०० फुटांवर आहे. जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या खाली सहज उतरतो. कारगिल त्यामानाने खाली आणि थोडे सौम्य. डिसेंबरपुरतेच जाणार असलात तरी तयारी उणे ३० ची करा, कारण काम लांबले की मशीन तिथेच राहते आणि श्रीनगरकडून येणारा जोजिला घाट बंद झाला की सामान वर येत नाही. पूर्वी हा घाट हिवाळ्याचे पाच-सहा महिने बंद असायचा. सीमा सडक संघटनेने २०२४ आणि २०२५ मध्ये हा बंद अनुक्रमे ३५ आणि ३२ दिवसांवर आणला. तरीही महिनाभर एक फिल्टरसुद्धा मिळणार नाही असे धरूनच सामान भरा.

सुरुवात डिझेलपासून करू, कारण सगळ्यात जास्त मशीन तिथेच अडतात. डिझेलमध्ये मेण असते. गरम हवेत ते विरघळलेले असते, गारठा वाढला की त्याचे बारीक स्फटिक होतात. आधी डिझेल गढूळ दिसते, मग स्फटिक फिल्टरच्या कागदावर बसतात आणि फिल्टर बंद होतो. टाकीतले डिझेल त्या वेळी अजून पातळच असते, हे लक्षात ठेवा. डिझेल वाहायचे थांबते ते तापमान आणि फिल्टर तुंबतो ते तापमान वेगवेगळे असते, आणि मशीन बंद पडते ते फिल्टर तुंबल्यावर. आपल्या देशातल्या साध्या डिझेलच्या मानकात फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. उणे नव्हे, शून्याच्या वर ६. प्रत्यक्षात डिझेल त्यापेक्षा चांगले निघते, पण सांगलीत ऑक्टोबरमध्ये भरलेल्या टाकीवर द्रासमध्ये भरवसा ठेवता येत नाही.

यावरचा उपाय आता तिथेच मिळतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले. ते पानिपत रिफायनरीत तयार होते आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. वर सांगितलेला फरक इथेही लागू आहे: उणे ३३ ही वाहण्याची मर्यादा आहे, फिल्टर त्याच्या आधीच तक्रार करू शकतो. पण साध्या डिझेलच्या तुलनेत हे वरदान आहे. कामाचा करार करतानाच डिझेल हिवाळी प्रतीचेच घ्यायचे हे लिहून घ्या आणि प्रत्येक टँकरमागे पावतीवर प्रत तपासा. उन्हाळ्याचा शिल्लक साठा बॅरलमध्ये पडून असतो आणि घाईत तोच भरला जातो. हे मी वारंवार पाहिले आहे.

डिझेल बदलण्याचीही पद्धत आहे. ट्रेलरवर मशीन चढवताना टाकी भरू नका, चढण्या-उतरण्यापुरते डिझेल ठेवा. वर पोचल्यावर टाकीचा तळाचा नट खोलून जुने काढा, हिवाळी डिझेल भरा, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला आणि त्याच दिवशी अर्धा तास मशीन चालवा. या शेवटच्या अर्ध्या तासाला फाटा दिला की पाइपात, पंपात आणि परतीच्या लाइनीत जुने डिझेल राहते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच तुम्हाला अडवते.

जुने ड्रायव्हर डिझेलमध्ये केरोसीन मिसळत. त्याने मेण उशिरा बसते, हे खरे आहे. साधारण दहा टक्के केरोसीनला दोन-तीन अंशांचा फरक पडतो. म्हणजे द्राससाठी अर्धी टाकी केरोसीन लागेल, आणि ते पंपाला वंगण देत नाही. तुमच्या टिपरचा कॉमन रेल पंप, म्हणजे नोझलना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणारा पंप, डिझेलच्याच वंगणावर फिरतो. शिवाय बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भाग इतकेच असते. केरोसीनमध्ये ते कितीतरी जास्त असते आणि सायलेन्सरमधली महागडी यंत्रणा त्याने खराब होते. पेट्रोल तर अजिबात मिसळू नका. टाकीच्या तोंडाशी भडका उडू शकतो. आणि मेण एकदा बसले की वरून काहीही ओतून विरघळत नाही. आधी ऊब द्यावी लागते.

डिझेलइतकाच घात पाण्याने होतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर रात्री आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन खाली येते आणि पाणी तळाशी बसते. मग उणे तापमानात सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या, वाटीत बर्फाची गोळी होते. म्हणून टाकी संध्याकाळी भरायची, आणि इंजिन गरम असतानाच सेपरेटरचे पाणी काढायचे. सकाळी तो नळ फिरवायला गेलात तर प्लास्टिक तुटून हातात येईल.

आता कूलंट. महाराष्ट्रात बहुतेक मशीनमध्ये कूलंटच्या नावाखाली हिरवट पाणी फिरत असते. रेडिएटर गळला, नळाचे पाणी घातले, पुन्हा गळला, पुन्हा घातले. आपल्याकडे ते चालून जाते. द्रासला पहिल्याच रात्री ते पाणी गोठते, गोठताना साधारण नऊ टक्के फुगते, आणि इंजिन ब्लॉकच्या भोकांत ठोकलेली पत्र्याची झाकणे (कोअर प्लग) बाहेर येतात. नशीब खराब असेल तर ब्लॉकलाच तडा जातो. निम्मे ग्लायकोल (कूलंटमधले गोठू न देणारे रसायन) आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ६० टक्के ग्लायकोल केले तर उणे ५० च्याही खाली जाता येते. इथे एक चूक फार होते: जास्त चांगले म्हणून लोक शुद्ध ग्लायकोलच भरतात. शुद्ध ग्लायकोल उणे १३ च्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते. साठच्या वर जायचेच नाही. तयार मिश्रण घेतलेत तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. आणि एक रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्या. एक थेंब काचेवर ठेवला की गोठण्याचा अंश दिसतो. रंगावरून अंदाज करण्यात अर्थ नाही.

सांगलीत निघण्यापूर्वी आणखी एक काम करा: प्रत्येक इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का ते उघडून बघा. आपल्याकडे इंजिन तापायला लागले की मिस्त्री पहिला थर्मोस्टॅट काढून टाकतो. असे इंजिन लडाखमध्ये दिवसभर कोमटच राहते, डिझेल पूर्ण जळत नाही, हीटर गरम हवा देत नाही आणि ऑइल खराब होते. रेडिएटरचे झाकणही नवे टाका. थंडीत झाकणाचा काय संबंध, असे वाटेल. पण साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. झाकण दाब धरत असेल तरच आतला उत्कलनबिंदू वर राहतो. झाकणाचे रबर गेलेले असेल तर बाहेर बर्फ असतानाही चढावर रेडिएटर उकळून बाहेर येतो आणि ऑपरेटर गोंधळून जातो.

ऑइलचे सांगतो. तुमच्याकडे सगळ्या इंजिनांत १५डब्ल्यू-४० असेल. त्यातल्या १५डब्ल्यूचा अर्थ असा की इंजिन फिरवण्यापुरते ते उणे २० पर्यंत ठीक आहे आणि पंप त्याला उणे २५ पर्यंत ओढू शकतो. म्हणजे द्रासच्या जानेवारीत ते अगदी काठावर आहे. ५डब्ल्यू-४० घेतले तर हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ होतात. इंजिन कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ५डब्ल्यू-४० भरा. महाग आहे, पण थंडीत टर्बोच्या बेअरिंगला पहिल्या अर्ध्या मिनिटात ऑइल पोचते की नाही, हे यावर ठरते. फायनल ड्राइव्ह, स्विंग गिअर आणि टिपरच्या डिफरेन्शियलचे ऑइल लोक विसरतात. उष्ण भागात भरलेले ८५डब्ल्यू-१४० फक्त उणे १२ पर्यंतच कामाचे असते. कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तिथे ७५डब्ल्यू-९० भरा, ते उणे ४० पर्यंत चालते. ग्रीसही बदला. नेहमीचे दोन नंबरचे ग्रीस गनमधून बाहेरच येत नाही, एक नंबर किंवा त्याहून मऊ घ्या.

हायड्रॉलिक ऑइलवर जरा थांबतो, कारण पोकलेनचा सगळ्यात महाग भाग यावर अवलंबून आहे. आपल्याकडे उन्हामुळे ६८ नंबरचे ऑइल भरतात. उणे २० ला ते इतके घट्ट होते की पंपाला खेचता येत नाही. पंपाच्या तोंडाशी पोकळी होते, बुडबुडे फुटतात आणि पिस्टन व प्लेटचा पृष्ठभाग खरवडला जातो. आवाज येतो, खडे दळल्यासारखा. तो आवाज ऐकूनही ऑपरेटर बूम उचलतो, तेव्हा पंपाचे आयुष्य कमी झालेले असते. वर जाताना ३२ नंबरचे, किंवा कंपनी देत असेल तर थंडीसाठीचे मल्टिग्रेड हायड्रॉलिक ऑइल भरा. हेच मशीन पुढच्या मे महिन्यात विदर्भात न्यायचे असेल तर आधी ३२ काढून टाका. तिथल्या उन्हात ते पाण्यासारखे पातळ होईल, दाब धरणार नाही आणि पंप वेगळ्या कारणाने जाईल.

बॅटरीबद्दल आकडेच बोलतात. २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण ताकद देते ती उणे १८ ला साधारण ४० टक्केच देते, आणि त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला दुपटीहून जास्त ताकद लागते. दोन वर्षे जुनी बॅटरी सांगलीत अजून वर्षभर चालेल, द्रासमध्ये आठवडाभरही चालणार नाही. सगळ्या मशीनला नव्या, पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा एक पायरी मोठ्या बॅटऱ्या टाका, फक्त जागा आणि क्लॅम्प बसतो का ते बघा.

पूर्ण चार्ज बॅटरी तिथल्या थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र गोठते. आतल्या तेजाबाची घनता १.२०० असेल तर उणे २७ च्या आसपास, १.१५० असेल तर उणे १५ लाच आत बर्फ होतो आणि प्लेटी वाकतात. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीची जंप देऊ नका, ती फुटते आणि तेजाब तोंडावर येते. घनता मोजायचा हायड्रोमीटर वापरताना ध्यानात ठेवा की थंड बॅटरीत तो खोटा जास्त आकडा दाखवतो. २७ अंशांच्या खाली दर दहा अंशांमागे साधारण ०.००७ वजा करा. उणे १० ला १.२४० दिसले तर खरी घनता १.२१५ च्या आसपास आहे. थंड बॅटरी चार्जही नीट घेत नाही. दिवसभरात मशीन दोनच तास चालले, त्यातही दिवे आणि ब्लोअर चालू, तर सकाळी खर्च झालेलेसुद्धा भरून निघत नाही. म्हणून कॅम्पवर चार्जर ठेवा आणि कडाक्याच्या रात्री बॅटऱ्या उचलून आत आणा. चाळीस किलोचे धूड दोघांनी उचलायचे, एकट्याने नाही. रोजचे हे काम कुणाला आवडत नाही, पण सकाळी हीच मेहनत सगळ्यात आधी फळाला येते.

आता सकाळ. उणे १० च्या खाली इंजिन थंड असताना सेल्फ मारण्यापेक्षा आधी ते गरम करणे केव्हाही चांगले. दोन पर्याय आहेत. एक, ब्लॉकमध्ये बसणारा विजेचा हीटर. एक ते दीड किलोवॅटचा हीटर दोन-तीन तासांत ब्लॉक कोमट करतो. त्यासाठी कॅम्पवर जनरेटर लागतो, आणि तो जनरेटर बंदिस्त शेडमध्ये ऊब राहील असा ठेवा, नाहीतर सकाळी तोच आधी सुरू होणार नाही. धुराचा पाइप मात्र शेडच्या बाहेर काढायचा. दुसरा पर्याय, डिझेलवर चालणारा छोटा कूलंट हीटर, वेबास्टो किंवा एबरस्पेशर यांच्यासारखा. पाच किलोवॅटचा हीटर तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर डिझेल घेतो आणि तासाभरात इंजिन हाताला गरम लागते. उंचीवर हवा विरळ असल्याने त्यात काजळी धरते, म्हणून उंचीसाठीचा संच बसवलेलाच घ्या. माझ्या मते प्रत्येक पोकलेनला हा हीटर बसवणे हा या सगळ्या खर्चातला सर्वोत्तम खर्च आहे.

हीटर नसेल तर इंजिनाभोवती ताडपत्रीचा झगा जमिनीपर्यंत सोडा आणि खालून गरम हवेचा ब्लोअर लावा, त्याच्याजवळ माणूस उभा ठेवा. उघडी आग कधीही लावू नका. टिपरच्या टाकीखाली आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली डिझेलच्या चिंध्या पेटवायची सवय तिथे जुनी आहे, आणि अनेकदा ती जमतेही, म्हणूनच ती धोक्याची आहे. चेंबरवर ऑइल निथळलेले असते, वायरिंग, नळ्या, ब्रेकचे पाइप सगळे प्लास्टिकचे असते. अख्खा टिपर जळलेला मी पाहिला आहे, तोही पुन्हा बर्फ पडायच्या आत खाली उतरायची घाई असलेल्या चांगल्या, अनुभवी ड्रायव्हरचा.

स्टार्ट करताना किल्ली चालू करून, इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. खूप थंडी असेल तर किल्ली बंद करून ती फेरी आणखी एकदा होऊ द्या. मग सेल्फ, एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि पुढच्या वेळेआधी दोन मिनिटे विश्रांती. सेल्फ जळतो तो थंडीने नाही, सलग मारल्याने. इंजिन फिरत असताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतेय आणि ऊब कमी पडतेय: हीटरची फेरी पुन्हा करा, बॅटरी बघा. धूरच नाही, याचा अर्थ डिझेल पोचतच नाही: मेण, बर्फ किंवा लाइनीत शिरलेली हवा. तिथे सेल्फ मारत राहण्यात काही अर्थ नाही. फिल्टर काढा, उबेत ठेवलेला नवा लावा, हाताच्या प्रायमरने भरा. कॉमन रेलमध्ये फिल्टर वरून ओतून भरू नका, कचरा थेट नोझलपर्यंत जातो. इंजिन अगदी रेंगाळत फिरत असेल, मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्याही खाली, तर बाकी काही तपासू नका, बॅटरी आणि टर्मिनलकडेच जा. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी जाते, त्यामुळे हळू फिरणारे इंजिन तिथे आपल्याकडच्यापेक्षा आधीच हार मानते.

ईथरचे कारण आता लक्षात येईल. ईथर सुमारे १६० अंशांना आपोआप पेटते, डिझेलपेक्षा खूप आधी. पिस्टन अजून वर येत असताना ते पेटले तर धक्का खाली जायच्या ऐवजी पिस्टनच्या डोक्यावर बसतो. रिंगांच्या कडा तुटतात, रॉड वाकतो. आणि ज्या इंजिनांत हवेच्या वाटेत हीटर आहे, म्हणजे तुमचे टिपर आणि बहुधा पोकलेनसुद्धा, त्यांत स्प्रे मारला तर तप्त जाळीवर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो. कंपनीने स्वतः बसवलेली मोजून सोडणारी यंत्रणा असेल तर ती वेगळी गोष्ट. हातातला डबा ऑपरेटरच्या केबिनमध्ये असूच नये.

आणि रात्रभर आयडल? वीस टनी पोकलेन आयडलला तासाला तीन-चार लिटर जाळते. बारा तासांचा हिशेब तुम्हीच करा. पण डिझेलपेक्षा मोठे नुकसान आत होते. लोड नसताना सिलिंडर गार राहतो, डिझेल अर्धवट जळते, उरलेले भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये जाते. ऑइल पातळ होते, नोझलवर काजळी बसते, टर्बोच्या सांध्यांतून काळे ऑइल झिरपते. टिपरचा धूर गाळणारा फिल्टर काजळीने भरतो आणि तो जाळून साफ करायला लागणारे तापमान कधी मिळतच नाही. एखाद्या रात्री पर्यायच नसेल, हीटर बिघडला असेल आणि सकाळी बर्फ काढायला मशीन लागणारच असेल, तर चालू ठेवा, पण १००० ते १२०० फेऱ्यांवर, रेडिएटर अर्धा झाकून, पहारेकरी ठेवून. आणि त्या आठवड्यात ऑइल लवकर बदला. रोजची सवय करू नका.

इंजिन सुरू झाले की लगेच रेस देऊ नका. ऑइलचा दाब दिसेपर्यंत थांबा, चार-पाच मिनिटे आयडल, मग फेऱ्या थोड्या वाढवा. पोकलेनमध्ये आता हायड्रॉलिक गरम करायचे. बकेटचा सिलिंडर हळूच शेवटापर्यंत नेऊन अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा करा. मग आर्म, बूम, मग सावकाश स्विंग. एका बाजूची चेन बूमने उचलून हवेत फिरवा, मग दुसरी, म्हणजे ट्रॅव्हल मोटारीतही गरम ऑइल पोचते. हायड्रॉलिक ऑइल निदान २० अंशांवर येईपर्यंत झटक्याने लिव्हर ओढायचे नाही आणि खडक फोडायच्या ब्रेकरला हातही लावायचा नाही. थंड लोखंड ठिसूळ असते. ब्रेकरची छिन्नी आणि बकेटचे दात पहिल्या तासातच तुटतात. होज आणि सीलचे रबर कडक झालेले असते, पहिला झटका तेच खातात. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो. साइट इंजिनिअर ओरडेल. त्याला हा वेळ वेळापत्रकात आधीच लिहून द्या.

संध्याकाळी बंद करण्याआधी चेन, रोलर आणि स्प्रॉकेटमधला चिखल काढा. फावड्याने, सळईने, जसा निघेल तसा. रात्रीत तो दगड होतो आणि सकाळी मशीन हलवले की रोलर फिरत नाही, चेन घासते किंवा फायनल ड्राइव्ह तुटतो. मशीन फळ्यांवर उभे करा, ओल्या मातीवर नको. चिकटलेच तर ओढू नका, बूमने एकेक बाजू उचलून सोडवा. सिलिंडरचे दांडे पुसून शक्य तितके आत घ्या, दांड्यावर गोठलेला बर्फ सकाळी सील फाडतो.

टिपरचे दोन-तीन मुद्दे वेगळे. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतले पाणी रोज संध्याकाळी सोडा आणि निघण्याआधी त्या हवेतला ओलावा शोषणारे एअर ड्रायरचे कार्ट्रिज नवे टाका, ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये बर्फ होणे म्हणजे उतारावर ब्रेक नसणे. ओल्या रस्त्यावरून येऊन लगेच पार्किंग ब्रेक लावला तर लायनर ड्रमला चिकटून गोठतात. शक्य तिथे सपाटीवर उभे करून चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. बीएस-६ टिपरमध्ये धूर स्वच्छ करायला वापरतात ते युरियाचे द्रावण उणे ११ ला गोठते, त्याला घाबरू नका. इंजिन त्याशिवाय सुरू होते आणि कूलंटच्या उबेने टाकी वितळते. त्यात गरम पाणी किंवा दुसरे काही ओतू नका, आणि टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना ते फुगते. महत्त्वाचे म्हणजे किल्ली बंद केल्यावर युरियाचा पंप नळ्यांतले द्रावण मागे खेचतो. त्याला दोन मिनिटे लागतात. ड्रायव्हरने उतरताच बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तर द्रावण नळ्यांतच गोठते आणि पंप फुटतो.

माणसांचे सांगतो, कारण मशीन नवे घेता येते. सांगलीहून आलेल्या ऑपरेटरला पहिले दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती द्या, जड काम नको. डोकेदुखी, मळमळ वाढत गेली, दम लागू लागला किंवा बोलण्यात-चालण्यात अडखळू लागला तर त्याला वाट न बघता डॉक्टरकडे न्या आणि खाली उतरवा. उणे २० ला उघड्या हाताने पान्हा धरू नका. डिझेलने ओला झालेला हात तर कोरड्या हातापेक्षा कितीतरी लवकर बधिर होतो, म्हणून इंधनाच्या कामाला रबरी हातमोजे आत लोकरीच्या मोज्यांसह. आणि बंद केबिनमध्ये किंवा बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवून कुणीही झोपायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. कॅम्पवर प्रत्येक तंबूत धूर बाहेर नेणारा पाइप असलेली बुखारीच (पत्र्याची बंद शेगडी) ठेवा, आणि झोपण्याआधी तो पाइप बर्फाने बुजलेला नाही हे एका ठरलेल्या माणसाने रोज बघायचे.